दुसरा पडदा कोणासमोर?

मला कोणी फसवू शकत नाही. दुकानदार "घरचंच समजा" म्हणाला की मी आधी वजनकाटा बघतो. डॉक्टर "काही विशेष नाही" म्हणाले की घरी येऊन बायकोला महत्त्वाची कागदपत्रं कुठे आहेत ते सांगून ठेवतो. त्यामुळे तिच्या धाकट्या भावाने माझ्या लॅपटॉपवर एक फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम घातली, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "फुकट का?"

"दाजी, जगभरची माणसं मिळून बनवतात. सगळं उघडं असतं. आत काय आहे ते कोणीही बघू शकतं."

कोणीही! आणि हे तो हसत सांगत होता. मी तेव्हाच मनाशी खूणगाठ बांधली.

तरी परवा त्याच सिस्टीमवर माझी सगळी मदार होती. मी एका रंगाच्या कंपनीत मालाची आवकजावक बघतो, तेही घरून. दुपारी चारला व्हिडिओ कॉलवर साहेबांना वर्षभराचा तक्ता दाखवायचा होता. तो पटला तर विभाग माझ्याकडे येणार होता, नाही तर आमच्यातल्या त्या होयबाकडे, जो साहेबांना शिंक आली तरी मान डोलावतो. म्हणून मी नवा मॉनिटर आणला. एका पडद्यावर आकडे, दुसऱ्यावर तक्ता, साहेब गार.

आमच्याकडे जेवणाचं टेबल हेच दोघांचं ऑफिस आहे. एका बाजूला मी, समोर बायको, मधे दोघांचे मॉनिटर पाठीला पाठ लावून. ती शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासते आणि तपासताना मोठ्याने पुटपुटते. "पुरावा काय?" "हे वाक्य काढा." "इथे मुलं हसतील." इतक्या वर्षांत माझ्या कानांना त्याची पंख्याच्या आवाजासारखी सवय झाली आहे. दुपारी मात्र ती आपला लॅपटॉप सोडवून गॅलरीत उजेडाला जाऊन बसते.

ती गॅलरीत असतानाच मी टेबलाखाली शिरलो. तिथे वायरींचा हा गुंता! त्यातलं एक टोक ओढलं, लॅपटॉपला खुपसलं आणि ऐटीत खुर्चीवर बसलो. नवा मॉनिटर काळा ठिक्कर.

मेहुण्याला फोन लावला.

"दाजी, केबल बरोबर लावलीय ना?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बरं. सेटिंगमध्ये किती पडदे दिसतात?"

"दोन."

"मग दुसरा चालू आहे."

"माझ्यासमोर काळा आहे!"

"मग दुसऱ्या कोणासमोर दिसत असेल," असं म्हणून तो हसला. "दाजी, मीटिंग सुरू होतेय. तासाभरात बोलतो."

हसला का? माणूस उगाच हसत नाही. मी तक्ता उजवीकडे सरकवून पाहिला, तर तो कडेपर्यंत गेला आणि गडप झाला. पाठोपाठ माऊसचा बाणही गेला. मी सरळ विचार करणारा माणूस आहे. दुसरा पडदा आहे, तो माझ्यासमोर नाही, म्हणजे तो कोणाच्या तरी समोर आहे. आणि कोणाच्या, हे सांगायला मला ज्योतिषी नको होता.

सेटिंगमध्ये 'दोन्हीकडे तेच दाखवा' अशा अर्थाचं काहीतरी सापडलं. ते दाबल्यावर तक्ता परत आला. पण आता माझं सगळंच त्याच्यासमोर उघडं पडणार होतं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे तो तासभर मीटिंगमध्ये होता. तेवढ्यात माझ्या जुन्या, विश्वासातल्या कॉम्प्युटरवाल्याला मेसेज पाठवून टाकू म्हटलं.

मी लिहिलं, 'माझा मेहुणा माझ्यावर पाळत ठेवून आहे.'

"पुरावा काय?" समोरून पुटपुट आली. बायको एव्हाना टेबलाशी येऊन बसली होती. इतिहासाचं पुस्तक असणार.

'तो पहिल्यापासून आतल्या गाठीचा. आमच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मुद्दाम माझ्यापुढे उभा राहिलाय.'

"हे साफ खोटं आहे. काढा."

शाळेच्या पुस्तकांत हल्ली काहीही छापतात, असं मनात म्हणून मी पुढे गेलो.

'माझ्या बायकोलाही त्याने फितवलं असावं. ती हल्ली माझ्याशी फार गोड बोलते.'

पुटपुट थांबली.

'काल तिने न मागता चहा दिला.'

"चहात विष होतं का, तेही लिहा ना."

इतिहासात चहा कुठून आला? मी घाबरत घाबरत एकच शब्द टाइप केला. 'तू?'

"मीच," बायको म्हणाली.

मी टेबलाला वळसा घालून तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिच्या मॉनिटरवर माझा अख्खा मेसेज, मागे माझा तक्ता, आणि 'तू'च्या पुढे लुकलुकणारा माझा कर्सर. ती हाताची घडी घालून बसली होती.

"आधी वाटलं, माझ्या पडद्यावर कोणीतरी घुसलंय," ती म्हणाली. "मग माझ्या भावाचा उद्धार दिसला. म्हटलं, घरचाच माणूस दिसतोय."

तिने टेबलाखाली वाकून एक मोकळं लोंबणारं टोक वर काढलं. "ही तुमच्या मॉनिटरची केबल. तुम्ही खुपसलीय ती माझी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वाजत आले होते. मी केबल बदलायला घाईघाईने वाकलो, तशी ती म्हणाली, "राहू द्या ते. आधी मला सांगा, तुमच्या कंपनीत विकलेल्या डब्यांपेक्षा परत आलेले डबे जास्त आहेत का?"

"काहीतरीच काय!"

"मग तक्त्यात विक्रीच्या जागी परती आणि परतीच्या जागी विक्री का आहे?"

हा तक्ता मी कितीदा डोळ्यांत तेल घालून तपासला होता. तो तसाच साहेबांसमोर गेला असता, तर साहेबांनी मला फैलावर घेतलं असतं आणि होयबाने विभाग ताब्यात. मी पटकन दुरुस्ती केली. एका पडद्यावर का होईना, तक्ता दाखवला. साहेबांनी मान डोलावली, होयबानेही डोलावली, आणि विभाग मला मिळाला. मला लाज वाटत होती, पण खरं सांगायचं तर हायसं जास्त वाटत होतं.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. "दाजी, सापडला का दुसरा पडदा? कोणासमोर होता?"

"घरातच होता," मी म्हणालो आणि विषय बदलला.

नवा मॉनिटर बायकोने आपल्या बाजूला लावून घेतला आहे. तिच्या एका पडद्यावर प्रुफं असतात आणि दुसऱ्यावर मी. माझ्या कामाच्या भल्यासाठीच, असं ती म्हणते, आणि तक्त्याच्या प्रकरणापासून मला त्यावर बोलायला तोंड उरलेलं नाही.

ही हकिकत लिहिताना शेवटी मी तिच्याबद्दल एक झकास वाक्य टाकलं होतं. समोरून पुटपुट आली, "हे वाक्य काढा."

काढलं.