सोहार ते नागपूर, मार्गे सिंगापूर

गजभियेसाहेबांच्या घरी जेवायला गेलं की दारातच एक छापील कागद हातात मिळायचा. सरबत ७.५०. सावजी मटण ८.१०. भात ८.३५. गप्पा ८.५० ते ९.०५. निरोप ९.०५. पहिल्या वेळी मला तो विनोद वाटला. नऊ वाजून सहा मिनिटांनी साहेब माझे बूट हातात घेऊन दारात उभे होते.

ते मूळचे नागपूरचे. ओमानमधल्या सोहारच्या एका कारखान्यात शटडाऊन प्लॅनर. वर्षातून एकदा कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, तेव्हा कोणता नट कोणी किती वाजता काढायचा हे ठरवणारा माणूस. दोन कामांच्या मध्ये जो मोकळा वेळ उरतो, त्याला या धंद्यात ‘फ्लोट’ म्हणतात. फ्लोट दिसला की साहेब अस्वस्थ होत. मी चौदा वर्षं त्यांच्या खालच्या मजल्यावर राहिलो. जिन्यात भेटले की पहिला प्रश्न असे, “काय राजेहो, फ्लोट किती?” आहे म्हटलं की ते लगेच काम सांगत. नाही म्हटलं की पाठ थोपटत.

शालिनीवहिनी इथल्या शाळेत गणित शिकवत. स्वभाव नवऱ्याच्या बरोबर उलटा. कोथिंबिरीची जुडी आणायला जात आणि भाजीवाल्याच्या मुलीच्या लग्नाची पूर्ण हकिगत ऐकून परत येत.

काही वर्षांपूर्वी दोघं आग्नेय आशियाला गेले होते. आठ दिवसांत चार शहरं: बँकॉक, पेनांग, क्वालालंपूर, सिंगापूर. साहेबांनी भिंतभर तक्ता केला होता. वहिनींची इच्छा एकच होती, बँकॉकच्या विहारात निजलेल्या बुद्धासमोर शांत बसून वंदना म्हणायची. तक्त्यात त्यासाठी वीस मिनिटं होती. चपला काढणे तीन, वंदना बारा, फोटो तीन, चपला घालणे दोन. वंदनेच्या बाराव्या मिनिटाला साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. वहिनी अर्ध्यातून उठल्या. सिंगापूरच्या विमानतळावर एकच वाक्य बोलल्या, “पुढच्या वेळी मी एकटी येईन.”

साहेबांनी ते वाक्य लेखी नोटिशीसारखं घेतलं. माझ्यासमोर त्यांनी ते निदान दहा वेळा तरी काढलं असेल. “एकटी म्हणाली. शब्द नोंदवून घ्या.”

यंदा त्यांचा करार संपला. निवासाचा परवाना रद्द होणार, सामान जहाजाने नागपूरला जाणार. तेव्हा साहेबांनी प्रस्ताव मांडला: घरी जायचं ते सिंगापूरवरून. तीच शहरं, उलट्या क्रमाने, शेवट बँकॉक. एक महिना.

“जाईन की,” वहिनी म्हणाल्या. “एकटी.”

“अन् मी?”

“तुम्ही आलात की घड्याळ येतं. मला त्याच्यासोबत नाही जायचं.”

साहेबांनी दोन दिवस जिन्यात कोणालाच फ्लोट विचारला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी चाचणी मागितली. कोणतंही यंत्र चाचणीशिवाय नाकारता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. वहिनींना तो पटला. ठरलं असं: एक पूर्ण दिवस, तक्ता नाही, घड्याळ नाही, फोन वहिनींच्या पर्समध्ये. वेळ विचारली की नापास. गाडी मी चालवायची, कारण साक्षीदारही हवा होता.

आम्ही इब्री या गावाला गेलो. वहिनींना तिथल्या बाजारात सावकाश फिरायचं होतं. पोचलो तर सगळी शटर बंद. रस्त्यावर एक मांजर, बाकी कोणी नाही. शुक्रवार होता आणि दुपारच्या नमाजाची वेळ. ओमानमध्ये इतकी वर्षं काढलेल्या तीन माणसांच्या हे लक्षात आलं नव्हतं. साहेबांचा तक्ता असता तर पहिल्याच ओळीत आलं असतं. ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं, वहिनींकडे पाहिलं आणि मिटलं.

एका बंद दुकानाच्या पायरीवर सावलीत आम्ही बसलो. साहेबांनी आधी समोरची शटर मोजली. मग पुन्हा मोजली. मग मनगट चोळलं. बऱ्याच वेळाने मांजर त्यांच्या बुटावर डोकं ठेवून झोपलं, तेव्हापासून त्यांनी पाय हलवला नाही.

दुकानाचे मालक मजगावकरचाचा रत्नागिरीचे निघाले. नमाज आटोपून आले आणि आम्हाला पाहून हसायलाच लागले. “शुक्रवारचे दुपारचे बाजाराला आलाव? हिंदुस्थानातून आज उतरलाव काय?”

“बसलो होतो जरा,” साहेब म्हणाले. “हळू बोला चाचा, झोपलंय ते.”

वहिनी माझ्याकडे वळल्या. “लिहून घ्या. पास.”

साहेबांनी त्या पायरीवर दोन्ही हात वर केले. मांजर पळालं.

प्रवासातून त्यांचे रिपोर्ट मला नेमाने येऊ लागले. “दिवस तिसरा. सिंगापूर. नियोजित काम नाही. झालेले काम: झाडाखाली बसणे. प्रगती शंभर टक्के. अपघात नाही.” “दिवस नववा. क्वालालंपूर. पाऊस. खिडकीतून पाहिला. मॅडम समाधानी.” “दिवस चौदावा. पेनांग. चुकीच्या बसमध्ये बसलो. शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. बस चांगली होती.”

बँकॉकहून वहिनींचा फोन आला. पहिल्याच सकाळी विहारात गेले होते दोघं, त्याला आता आठवडा झाला होता.

“मी वंदना म्हणत होते. झेंडेवाला एक गाईड आला, चाळीस माणसं घेऊन. मला सरका म्हणाला, घड्याळ दाखवत. तर यांनी त्याच्या घड्याळावर हात ठेवला. म्हणाले, मॅडमचं काम सुरू आहे. थांबला हो बिचारा!”

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

“मग हे शेजारी येऊन बसले. सुरुवातीच्या पंचशीलापर्यंत यांचा आवाज होता. पुढे नुसते ओठ हलत होते. मी म्हटलं, काऊन हो? तर म्हणाले, पुढचं मला येतच नाही. लहानपणी वस्तीतल्या विहारात पंचशील झालं की यांचे बाबा यांना उठवायचे. अभ्यासाला घरी. बाकीची पोरं खिरीपर्यंत बसून राहायची. मोठेपणी कोणाला विचारणार, इंजिनिअर झालो होतो ना, म्हणाले. सत्तावीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. मला वाटायचं, घाई आहे म्हणून वंदनेतून उठतात.”

“मग?”

“मग काय. मी एक ओळ म्हणते, हे मागून म्हणतात. रोज जातो. दोन ठिकाणी अजून अडखळतात. नागपूरचं तिकीट पुढे ढकललंय.”

“किती दिवसांनी?”

वहिनींनी फोन बाजूला धरून विचारलं. मग मला सांगितलं, “ते ठरवलं नाही म्हणतात.”