बगळ्याने तपासलेला निबंध

एका जंगलात एक तळं होतं. कुठलं जंगल, किती लांब, ते विचारू नका. गोष्ट ऐकायची असेल तर मांडी घाला आणि तोंड मिटा.

त्या तळ्यात बेडूक राहत. खाऊनपिऊन सुखी. संध्याकाळ झाली की सगळे मिळून ओरडत. कशासाठी ओरडतो, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण एकजुटीने ओरडत.

तळ्याच्या काठाला एक बगळा उभा असे. एका पायावर, डोळे मिटून. बेडूक त्याला बगळेबुवा म्हणत. येताजाता नमस्कार करत. नवी लग्न झालेली जोडपी पाया पडायला जात. त्यातली काही परत येत.

रोज एखादा बेडूक कमी होई. बाकीचे म्हणत, "गेला असेल परगावी." एखादी म्हातारी हात जोडून म्हणे, "बुवांनी पदरात घेतलं हो त्याला."

या तळ्यात डुंबाजी नावाचा बेडूक होता. इतरांपेक्षा शहाणा. निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं. एका सकाळी त्याला बुवांच्या चोचीतून एक पाय बाहेर आलेला दिसला. पाय ओळखीचा होता. शेजारच्या फुगोबाचा. बुवांनी मान वर केली. पाय आत गेला. बुवांनी पुन्हा डोळे मिटले.

डुंबाजी टणाटण उड्या मारत घरी आला. त्याची बायको पाणकळी पोरांना चिखल चोपडत होती.

"अगं, बगळा बेडूक खातो!"

"अगंबाई! मग ओरडा की! इथे काय सांगताय?"

"ओरडू?"

"रोज संध्याकाळी घसा फुटेस्तोवर ओरडता, ते काय मग? आज पहिल्यांदा कारण सापडलंय."

डुंबाजीने छाती फुगवली. "ओरडणं अडाण्यांचं काम. मी शोधनिबंध लिहिणार."

त्याचं कारण असं. तळ्याच्या मधोमध एक सपाट धोंडा होता. स्वच्छ, उन्हातला. ज्याचा निबंध 'तळ्याचे ज्ञानपत्र' यात छापून येई, तोच त्या धोंड्यावर बसे. त्याला पंडित म्हणत. डुंबाजीचा बाप चिखलात बसून गेला. आजाही चिखलातच गेला. डुंबाजीला धोंडा हवा होता. तळं वाचवायचं होतंच. पण धोंड्यावर बसून.

तो लिहायला बसला. आधी नाव लिहिलं. 'एकपादस्थित श्वेत पक्ष्याच्या सान्निध्यात मंडूकसंख्येत आढळणारी घट: एक प्राथमिक अवलोकन.'

पाणकळीने वाचायला लावलं. तिला काही कळेना. "म्हणजे बगळा बेडूक खातो, असंच ना?"

"हळू बोल! इतकं सरळ लिहिलं तर छापेल कोण?"

ज्ञानपत्राचे संपादक होते कासवतात्या. त्यांनी निबंध उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाले, "समास कमी आहे. डावीकडे चार बोटं सोडायचा."

"कुणाची चार बोटं, तात्या?"

"नियमात लिहिलेलं नाही. पुन्हा लिहून आणा."

डुंबाजीने पुन्हा लिहिला. तेवढ्यात पलीकडच्या काठावरची एक मावशी परगावी गेली. कुठल्या परगावी, ते तुम्हाला कळलं असेल. डुंबाजीलाही कळलं. पण समास नीट झाल्याशिवाय बोलणार कसं?

कासवतात्यांनी निबंध ठेवून घेतला. "आता हा परीक्षकांकडे जाईल. आपला नियम कडक आहे. ज्याला विषय ठाऊक, तोच परीक्षक. परीक्षकाचं नाव मात्र गुप्त."

आता सांगा, मुलांनो, बगळा बेडूक खातो हा विषय त्या तळ्यात सगळ्यात जास्त कुणाला ठाऊक? बरोबर. तात्यांनाही त्याचंच नाव सुचलं. नियम म्हणजे नियम.

ठरलेल्या दिवशी डुंबाजी लव्हाळ्यापुढे जाऊन बसला. मत लव्हाळ्याच्या आडून सांगायची रीत होती. लव्हाळ्याच्या वर एक लांब पांढरी मान दिसत होती. खाली एकच पाय दिसत होता. वाऱ्याबरोबर मासळीचा वास येत होता.

"कोण असतील हो हे थोर परीक्षक?" डुंबाजीने हळूच विचारलं.

"गुप्त आहे," असं म्हणून तात्यांनी मान कवचात घेतली.

लव्हाळ्यामागून घसा खाकरल्याचा आवाज आला. "विषय चांगला आहे. लेखकाचा अभ्यास दिसतो. पण एका फुगोबावरून निष्कर्ष काढणं घाईचं होईल. नमुने वाढवा."

"नमुने म्हणजे?"

"बेडूक. जरा भरल्या अंगाचे घ्या. सडपातळ नमुन्यांवर विसंबता येत नाही."

मग खालून, पाण्याच्या बाजूने, दुसरा आवाज आला. तो फूत्कारत होता. पाण्यात राहणारा दिवड साप असाच बोलतो. पण तेही गुप्त.

"माझी फार मोठी तक्रार आहे," दुसरा परीक्षक म्हणाला. "बेडूक खाण्याच्या क्षेत्रात माझ्या घराण्याचं काम जुनं आहे. बगळे कालचे. लेखकाने आमचा एका ओळीनेही उल्लेख केलेला नाही. हा अडाणीपणा आहे."

डुंबाजीने त्याची हात जोडून माफी मागितली. सापाने बेडूक खाल्ल्याची माहिती त्याने निबंधात आदराने घातली. मग नमुने गोळा करायला निघाला.

त्याला वाटलं होतं, कोणी येणार नाही. तो चिखलात उभा राहून म्हणाला, "बंधूंनो, विज्ञानासाठी काही बेडूक हवे आहेत. बुवांपुढे जाऊन बसायचं. बस, एवढंच. नाव आभारात छापून येईल."

"छापून?" एक जाडा बेडूक पुढे आला.

"कमळाच्या पानावर."

झालं! एकच गर्दी उडाली. "माझं नाव घ्या!" "आमच्या घरात कुणाचंच नाव छापलेलं नाही!" "अरे ढकलू नकोस, मी थोरला आहे!" "थोरला असशील, पण अंगाने चिपाड! नमुना भरलेला हवाय!" दोन भाऊ पुढे जाण्यावरून भांडले. एका बाईने नवऱ्याला हळदकुंकू लावून पाठवलं.

बुवांनी कुणाला नाराज केलं नाही. डोळे मिटूनच होते. डुंबाजी गवताची काडी घेऊन बाजूला उभा राहिला. कोण किती वेळात आत गेला, ते मोजत राहिला. काम इतकं शिस्तीत चाललं की त्याचा ऊर भरून आला.

पाणकळीने त्याचा हात धरला. "अहो, आता तरी ओरडा."

"वेडी आहेस. आता ओरडलो तर सगळे पळतील. मग निरीक्षण कशाचं करू?"

पुन्हा लव्हाळं. परीक्षक आता जरा जाडजूड दिसत होते. आवाजही भरदार झाला होता.

"प्रगती आहे. पण उन्हातले बेडूक तपासलेत, सावलीतले राहिले. आणि मुख्य गोष्ट. तुलनेसाठी एक न खाल्लेला बेडूक लागतो. त्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. असा कोणी आहे?"

"मी आहे, महाराज!" डुंबाजी ताडकन उडाला. "मी न खाल्लेला आहे!"

"उत्तम. तब्येतीची काळजी घ्या."

तो नाचत घरी आला आणि परीक्षकांचं मत सांगून मोकळा झाला. पाणकळी पोरांना पाठीवर घेऊ लागली.

"कुठे निघालीस?"

"माहेरी."

"विहिरीत?" डुंबाजीचे डोळे आणखी बाहेर आले. "जग काय म्हणेल? पंडिताची बायको आणि विहिरीतली बेडकी! अगं, विहिरीतल्या बेडकाला सगळं जग हसतं."

"हसू दे. सावलीतल्यांत माझी पोरं येतात."

ती गेली. डुंबाजीला वाईट वाटलं. पण निबंधाचा शेवट लिहायचा होता, म्हणून त्याने वाईट वाटणं पुढे ढकललं.

सावलीतलेही संपले. निबंध मंजूर झाला. कासवतात्यांनी स्वतः कमळाचं पान आणून दिलं. पानावर पहिलं नाव बगळेबुवांचं होतं. दुसरं दिवडाचं. तिसरं कासवतात्यांचं. खाली बारीक अक्षरात डुंबाजी.

"तात्या, लिहिला तर मी..."

"बुवांनी किती खस्ता खाल्ल्या या निबंधासाठी! आणखीही बरंच खाल्लं. त्यांना मागे ठेवता येतं का?"

डुंबाजीने मान डोलावली. शेवटी धोंडा तर आपलाच. तो उडी मारून धोंड्यावर बसला. धोंडा ऊन होता. वा! त्याने पान उलगडलं आणि खड्या आवाजात वाचलं, "यावरून असे अनुमान निघते, की बगळा बेडूक खात असण्याची शक्यता नाकारता येत नाही!"

तळं गप्प होतं.

त्याने पुन्हा वाचलं. एक बुडबुडाही उठला नाही. आभाराची यादी लांबलचक होती, पण त्या यादीतला ऐकायला एकही उरला नव्हता.

मग काठावरून टाळ्या ऐकू आल्या. बगळेबुवा पंख फडफडवत होते.

"अभिनंदन, पंडित! तुलना संपली ना आता?"

डुंबाजी शहाणा होता, हे मी आधीच सांगितलं आहे. त्याने पान टाकलं आणि अशी उडी मारली की तशी त्याच्या खानदानात कुणी मारली नसेल. झुडपं, काटे, बांध, काही बघितलं नाही. थेट जंगलाच्या कडेच्या विहिरीत. डुबुक!

विहिरीतल्या बेडकांनी त्याला घेरलं. सासरे पुढे आले. पोरं गळ्यात पडली. पाणकळीने त्याच्या पायातला काटा काढला.

"जावईबापू, छापून येणार होतं म्हणे तुमचं?"

"आलं."

"काय लिहिलंय?"

"बगळा बेडूक खातो."

विहीर हसली. इतकी हसली की पाणी भिंतीवर उडालं. "अहो, हे आमच्याकडे तान्ह्या पोराला सांगतात! म्हणून तर आम्ही विहिरीत राहतो! बगळा इथे उतरत नाही."

डुंबाजीची मान वर झाली. डोळे चमकले. पाणकळीला ती चमक ओळखीची होती.

"बगळा विहिरीत उतरत नाही?" तो म्हणाला. "कशावरून?"

"कधी उतरला नाही, यावरून."

"हा पुरावा नव्हे. बगळ्याला बोलवायला हवं. त्याला वाट नसेल, तर वरून येणाऱ्या पोहऱ्यात बसवून खाली घेऊ. मग बघू, उतरतो की नाही. मामंजी, नमुने किती मिळतील इथे?" आणि तो पोरांकडे बघू लागला. अंगाने कोण भरलंय, ते.

वरून एका बाईने सोडलेला पोहरा पाण्यावर टेकला.

पाणकळीने पोरांना मागे ओढलं. मग गोड आवाजात म्हणाली, "अहो, मानाचा पाहुणा असा निरोपावर येतो का? घरच्या कर्त्या माणसाने जाऊन बोलावणं करावं लागतं. एवढी रीत तरी पाळा."

"हे मात्र बरोबर बोललीस," डुंबाजी म्हणाला आणि ऐटीत पोहऱ्यात जाऊन बसला.

रहाट करकरला. पोहरा वर निघाला. डुंबाजीने घसा साफ केला. "सन्माननीय बगळेबुवा, आपणास विनंती अशी की..." आवाज वर वर गेला.

तळं रिकामं केलेले बुवा कुठे उभे असतील? विहिरीच्या काठावर. एका पायावर. डोळे मिटून.

खाली काही दिसलं नाही. फक्त टाळ्या ऐकू आल्या. पंखांच्या.

विहीर वाट बघत राहिली. पाहुणा काही खाली आला नाही.

"म्हणजे बगळा विहिरीत उतरत नाही," सासरे हळूच म्हणाले. "जावईबापूंनी सिद्ध करून दाखवलं."

पाणकळीने डोळे पुसले आणि पोरांना आणखी खाली, गार पाण्यात नेलं. छापायला कुणी गेलं नाही.

तात्पर्य: विहिरीतल्या बेडकासारखं राहू नये, असं थोर लोक सांगतात. ऐकावं. फक्त सांगणारा थोर किती पायांवर उभा आहे, ते आधी बघावं.