ओळखीचे जंतू

१९७४ साली मानोऱ्याकडच्या एका गावात, चावडीवर, मोफत दंतशिबिर भरले. शिबिर सर्वांसाठी होते. रांग मात्र चतुराबाईसारख्यांसाठीच होती. मजुरी करणाऱ्या या बाईचा डावा गाल सुजून डोळ्याला टेकला होता आणि चार घास चावणे मुश्कील झाले होते. डॉक्टरांची जीप संध्याकाळी परत जाणार होती. पुढचे शिबिर शासनाच्या सवडीने होणार होते.

उद्घाटक म्हणून सरपंच बबनराव खुर्चीत बसले. त्यांचे दात दुखत नव्हते. पण फितीसाठी कात्री आणायला कोणीतरी विसरले, तेव्हा उद्घाटन जबडा उघडून करण्याचे सर्वानुमते ठरले. डॉक्टरांनी दात खरवडून निघालेला पिवळट थर जमावाला दाखवला आणि प्रबोधन सुरू केले.

"हे जंतू. दातावर लाळेचा पातळ पापुद्रा बसतो. त्याला आधी थोडेच जंतू चिकटतात."

"अन् बाकीचे?" चतुराबाईने गाल धरून विचारले.

"ते या पहिल्यांना चिकटतात. त्यांना दात लागत नाही, ओळख लागते. थेट ओळख नसेल तर एक मधला जंतू असतो, तो दोन्हीकडे धरून ठेवतो. ज्याचे कोणीच नाही, तो लाळेबरोबर गिळला जातो. असा थर चूळ भरून निघत नाही."

जमावाने माना डोलावल्या. त्यात कोणाला काही नवे वाटले नाही.

बबनराव उठले आणि त्यांचे साडू बसले. साडूंनी सोसायटीचे चिटणीस पुंजाजी यांना हाक मारली. पुंजाजींनी आपले व्याही आणले. व्याह्यांना दातच नव्हते, म्हणून त्यांच्या हिरड्यांची प्राधान्याने तपासणी झाली. रांग शिस्तीत, जागच्या जागी उभी होती. ऊन उतरले.

"माहा नंबर सकाळपासून हाय," चतुराबाई दाराशी जाऊन म्हणाली.

"बाई, नियम पाळा," दारावरचा नवा कोतवाल शालिग्राम म्हणाला.

"तू कोन्या गावचा रे भाऊ?"

"रिसोडकडचा. जगदेवचा पोरगा."

"जगदेव? थो त माह्या मावशीचा दीर."

शालिग्रामचा चेहराच बदलला. "मंग ताई, हे आंधी काहून नाही सांगतलं? रांगेत कायले उभी राहून राह्यली तू?"

डॉक्टरांनी दात उपटला तेव्हा जीप सुरू झालेली होती. चतुराबाईच्या डोळ्यांत पाणी आले. सुटल्याचे होते ते. जीप गेली आणि उरलेली रांग होती तिथेच राहिली.

रांगेत तिच्याच मागे उभा असलेला देवमन सर्वांत मोठ्याने बोलला. "हा अन्याव हाय. नंबर म्हंजे नंबर." त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. मग तो गाल धरून तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काकू, तुमची मावशी रिसोडकडं म्हनता? माही मोठी बहीन तिकडंच देली हाय." तोंडात कापूस असल्यामुळे चतुराबाईने नुसती मान हलवली.

वाचकहो, तुम्हालाही संताप आला असेल. यायलाच हवा. फक्त एवढेच सांगा, रिसोडकडे आपले कोण कोण आहे, ते आठवून झाले का?