उंबरावरचं चौथं गाठोडं

उंबराचं फूल माणसाच्या नजरेस पडत नाही, असं आमच्याकडे सगळे सांगतात. मी ते सूक्ष्मदर्शकाखाली मांडून दाखवणार होतो! फुलं असतात, पण फळाच्या पोटात. त्यांचे परागकण गुळगुळीत, दोन छिद्रांचे आणि मुंगीच्या डोळ्यात मावतील एवढे बारीक. चिलटांसारखे कीटक ते घेऊन फळाबाहेर पडतात. ते कीटक धरले, की माझा प्रबंध पुरा! साल १९७४; मुदत सोमवारची.

म्हणून कोरेगावजवळ नदीकाठच्या उंबरावर, फळांच्या घोसांना मी मलमलीच्या तीन पांढऱ्या पिशव्या बांधून आलो. जागा विलक्षण शांत होती. शांततेचं कारण शेजारचं स्मशान आहे, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला गेलो, तर झाडाखाली राहीबाई नावाची म्हातारी हात जोडून बसलेली. शेजारी तिचा मुलगा जोतीराम, फौजेतला गडी, आणि तोही आईला खेटून बसलेला! वारा नव्हता, पिशव्या मात्र हलत होत्या आणि त्यांतून बारीक, घुमणारा आवाज येत होता.

"अस्थी न्यायला आलोय, सायेब," तो कुजबुजला. "वडलांचं गाठोडं येकच टांगलं हुतं. आता चार हायती!"

"तीन माझी आहेत. गप्प आहे ते तुमचं."

"गप?" राहीबाई उसळली. "आवं, धनी कवा गप बसल्यालं मी बघितलं न्हाई! सोडा त्यास्नी. जीव कोंडलाय."

"मावशी, ते कीटक आहेत!"

"त्यात धनी न्हाईत, म्हना छातीवर हात ठिवून!"

वनस्पतिशास्त्राला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक आहे. पण तिच्या डोळ्यांकडे नजर गेली. मी तिन्ही गाठी सोडल्या. धुरासारखा थवा उठला, तिच्या पदरावर क्षणभर टेकला आणि नदीपलीकडे विरून गेला. माझा प्रबंधही त्याच्याबरोबर!

"निरोप घिऊन गेलं," ती समाधानाने म्हणाली. "जोती, आता अस्थी ने कराडच्या संगमावर."

जोतीरामने चौथं गाठोडं उतरवून छातीशी धरलं आणि तो पांढराफटक पडला.

"सायेब... ह्येच्यातबी घुमतंय!"

मी कान लावला. घुमत होतं.

जाड मांजरपाटाच्या गाठीतूनही एखादा कीटक आत शिरू शकतो, हे मी त्याला अगदी शास्त्रोक्त समजावून सांगितलं. मलाही कराडलाच परतायचं होतं; एसटीत मात्र तो गाठोडं घेऊन पुढे बसला आणि मी पार मागे, कंडक्टरला चिकटून!