ज्याची घागर त्याच्या दारी

कोयनेनं तुळजाजीरावांच्या चपला शनिवारी चौथ्यांदा पळवल्या, तेव्हा तुळजाजीराव गाणं ऐकायला निघाले होते. आधीच्या तीन वेळा त्या परत मिळाल्या होत्या. या खेपेला वाट बघायला सवड नव्हती. म्हणून ते बायकोच्या, म्हणजे अन्नपूर्णाबाईंच्या, चपला पायांत सरकवून तसेच गेले. चपलांवर मोती होते. चेन्नईतल्या मैलापूरच्या त्या दोन गल्ल्यांत ज्यांनी तुळजाजीरावांना आजवर मान वर करूनच पाहिलं होतं, त्यांनी त्या दिवशी मान खाली घालून पाहिलं.

गाणं संपल्यावर ते तडक जिना चढून वर आले. खालचं घर त्यांचं, वरच्या दोन खोल्या उमाकांत आणि विद्युलताला भाड्यानं दिलेल्या. तुळजाजीरावांचे पूर्वज तंजावरला आले त्याला काही शतकं झाली होती आणि त्यांची मराठीही तेवढाच काळ इकडच्या चिंचेत मुरलेली होती. शिवाय ते गल्लीच्या पाणी समितीचे अध्यक्ष होते, त्यामुळे त्यांचं कुठलंही बोलणं ठराव वाचल्यासारखं वाटे.

"उमाकांतराव, उद्यां आयतवार," ते म्हणाले. "उद्यां सांजे सहाच्या आंत मला एक सांगा. ह्या घरांत तुम्हीं असाचं कीं ती कुत्री असाचं."

उमाकांतनं मान डोलावली. कोयना त्याच्या पायाशी बसून तुळजाजीरावांकडे प्रेमानं बघत होती. तिच्या मते हा सबंध गल्लीतला सगळ्यात चांगला माणूस होता, कारण याच्या घरचा मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, सगळ्यात खुसखुशीत असे.

दोष कोयनेचा नव्हता, शिकवणीचा होता. ती दहा महिन्यांची, तांबूस, चार पाय आणि त्या पायांवर ताबा नसलेली अशी कुत्री होती. उमाकांतच्या रेल्वेच्या कचेरीतल्या रत्नाकरनं ती अंबत्तूरहून टोपलीत घालून आणली, तेव्हा उमाकांतला आधी तिचं नाव कृष्णा ठेवायचं होतं. तो कऱ्हाडचा, नदीकाठी वाढलेला. पण मैलापुरात कृष्णा म्हणून हाक मारली की पाच माणसं खिडकीत येतात, म्हणून मग दुसरी नदी घेतली. नाव शोभलं. पावसाळ्यातल्या पाण्यासारखी ती दारातून शिरायची आणि जे हलकं असेल ते घेऊन जायची. हलकं म्हणजे चपला. इकडे सगळ्यांच्या चपला दाराबाहेर असतात, तेव्हा तिला वाण कशाची नव्हती.

उमाकांतनं कचेरीच्या वाचनालयातून कुत्री वाढवण्याचं एक पुस्तक आणलं. या वयातल्या कुत्र्याला रागावू नये, काम द्यावं, असं त्यात लिहिलं होतं. ते वाक्य त्याला इतकं आवडलं की पुढची पानं त्यानं वाचली नाहीत. त्यानं कोयनेला चप्पल परत करण्याचं काम दिलं. चप्पल तिच्या तोंडात, साखळी याच्या हातात, अशी वरात दारोदार जायची. कोयना चप्पल हुंगायची, दार हुंगायची आणि बरोबर दारात नेऊन ठेवायची. मग घरातली बाई कौतुकानं मुरुक्कूचा तुकडा द्यायची. महिन्याभरात ती न चुकता परत करू लागली. उमाकांतला आपण मोठे गुरू आहोत असं वाटू लागलं.

"अहो, पण परत करायला आधी चोरायला नको का?" विद्युलतानं विचारलं होतं. तिला प्रश्न विचारण्याची ही वाईट खोड होती.

नेमकं तसंच झालं. मुरुक्कू हवा तर चप्पल परत करायची, आणि परत करायची तर आधी उचलायची, हा हिशेब कोयनेनं गुरूच्या आधी सोडवला. पूर्वी दिवसाला एखादी चप्पल जायची, आता दहा जाऊ लागल्या.

शनिवारी रात्री उमाकांतनं रत्नाकरला फोन केला. रत्नाकर म्हणाला, उद्या सहाला स्कूटर घेऊन येतो, माझ्या भावाच्या अंबत्तूरच्या कारखान्याला राखण लागतेच आहे. फोन ठेवल्यावर उमाकांत बराच वेळ कोयनेचा एक कान हातात धरून बसला. त्या उन्हाळ्यात चेन्नईत पाण्याचा थेंब नव्हता, देवळाचं तळं तळ दाखवत होतं आणि त्याला रोज दुपारी गावच्या नदीची स्वप्नं पडत होती. डोळे मिटले की पाणी, उघडले की ही. दोन्हींतलं निदान एक उघड्या डोळ्यांनी मिळतं, एवढाच त्याचा आधार होता. तो आधार उद्या स्कूटरवरून जाणार होता.

तुळजाजीरावांनी सगळ्या गल्लीला चपला आत घ्यायला सांगितलं. रविवारी सकाळी एकाही उंबऱ्याबाहेर चप्पल नव्हती. कोयना या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, आली, आणि बेकार माणसासारखी पायरीवर बसली.

पाण्याची लॉरी दिवसाआड यायची, पण किती वाजता ते तिलाही ठाऊक नसायचं. म्हणून लोक सकाळीच आपापल्या प्लास्टिकच्या घागरी रस्त्याच्या कडेला रांगेत मांडून ठेवत आणि घरी जात. माणसाच्या जागी घागर उभी राही, आणि तिचा नंबर कोणी मोडत नसे. नियम तुळजाजीरावांनी केला होता: एका घराला दोन घागरी, मग घरात माणसं कितीही असोत. त्यांनी तो तमिळमध्ये लिहून कडुनिंबाला डकवला होता. कुणाची घागर कुठली हे ज्याचं त्याला ठाऊक. बाकीच्यांना त्या फक्त हिरव्या, निळ्या, पिवळ्या दिसत.

दुपारी घागरींच्या राखणीची पाळी उमाकांतची होती. विद्युलतानं त्याला जेवण झाल्याबरोबर खाली पाठवलं आणि साखळी त्याच्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधली. "शेवटचा दिवस आहे तिचा. निदान आज डोळे उघडे ठेवा," ती म्हणाली, आणि वळून पटकन वर गेली.

तो कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसला. ऊन पांढरं झालं होतं. सगळी दारं लागली होती. कुठल्या तरी घरातून रेडिओवर वीणा ऐकू येत होती, तीही पेंगुळलेली. दोनच्या सुमाराला समुद्रावरून वारं सुटलं, कडुनिंबाची पिवळी पानं घागरींवर टपटपली आणि रिकाम्या घागरी वाऱ्यानं हळूहळू घुमू लागल्या. हिरवी, निळी, पिवळी, निळी. रांगेच्या मधोमध एक छोटी गुलाबी कळशीही होती. उमाकांतनं तिच्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. मग ती रांग हलायला लागली. घागरी वाहायला लागल्या. त्यांच्या खालून पाणी आलं, गार, घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं, आणि पलीकडच्या काठावरून आई म्हणाली, फार आत जाऊ नकोस.

तो फार आत गेला.

लॉरीच्या भोंग्यानं त्याला जाग आली तेव्हा चार वाजायला आले होते. साखळी मनगटाला होती, साखळीला नुसता पट्टा होता, आणि रस्ता झाडून काढल्यासारखा मोकळा होता. चाळीस घरांच्या घागरींची रांग नाहीशी झाली होती. राहिली होती ती एक गुलाबी कळशी, तीही रांगेत नव्हे, अगदी त्याच्या गुडघ्याला टेकून ठेवलेली. उमाकांतनं दोन्ही बाजूंना पाहिलं आणि ती पायानं हळूच झाडामागे सरकवली.

कोयना जीभ बाहेर काढून रस्त्याच्या मधोमध बसली होती. दोन तास ती कामावर होती. एकाही दारात मुरुक्कू मिळाला नव्हता, कारण सगळं जग झोपलं होतं, पण तिनं काम टाकलं नव्हतं. ज्याची घागर त्याच्या दारी, हुंगून, मोजून, एकेक करून.

उमाकांतला ते कळलं. नंबर मोडला. आता कोण पहिलं नि कोण चाळिसावं यावरून मारामारी होणार, आणि सहापर्यंत वाट न बघता तुळजाजीराव कोयनेला पाचलाच हाकलणार. भोंगा पुन्हा वाजला. धडाधड दारं उघडली. उमाकांतनं कोयनेच्या गळ्यात पट्टा घातला आणि डोळे मिटून आरड्याओरड्याची वाट बघितली.

आरडाओरडा झाला नाही.

त्यानं डोळे उघडले. प्रत्येक दारात माणसं उभी होती आणि आपापल्या पायांशी बघत होती. समोरच्या कृष्णवेणी टीचरच्या दारात चार घागरी होत्या. टीचर गल्लीतल्या मुलांना नीतीचे धडे फुकट शिकवीत. कोपऱ्यावरच्या इडलीवाल्याच्या दारात सहा होत्या, आणि त्या झाकायला त्याची लुंगी पुरत नव्हती. ज्या पलीकडच्या बंद घराच्या नावानं दर खेपेला दोन घागरी रांगेत लागत, त्या घराच्या दारात एकही नव्हती.

तुळजाजीरावांच्या दारात सात होत्या. अन्नपूर्णाबाई घागरींसमोर पदर पसरून उभ्या होत्या, पण पदर पाचच घागरींना पुरला. तुळजाजीराव घागरींकडे बघत होते, मग कडुनिंबावरच्या नियमाकडे, मग पुन्हा घागरींकडे.

उमाकांतची छाती नकळत फुगली. या गल्लीत नियमानं राहणारं घर एकच निघालं आणि ते एका भाडेकरूचं. हे वाक्य तुळजाजीरावांना ऐकवायचं म्हणून तो जिन्याकडे वळला. जिन्याच्या पायथ्याशी त्याच्या दोन घागरी होत्या, हिरवी आणि पांढरी. त्यांच्या शेजारी एक नारिंगी होती आणि एक आकाशी. त्या त्यानं जन्मात पाहिल्या नव्हत्या. विद्युलता शेवटच्या पायरीवर उभी होती.

"ह्या कुणाच्या?" त्यानं विचारलं.

"तुम्ही अंघोळीला दोन बादल्या घेता," ती म्हणाली. "त्या कुठून येतात असं वाटतं तुम्हाला?"

उमाकांतनं छाती होती तिथे परत नेली.

लॉरीचा ड्रायव्हर टपावर हात आपटून विचारत होता की पाणी हवंय की नको. मग कृष्णवेणी टीचर निघाल्या. दोन घागरी घेऊन. त्यांच्यामागे इडलीवाला, दोन घागरी घेऊन. कोणी नंबर विचारला नाही, कारण ज्यानं तोंड उघडलं असतं त्याच्या पायांकडे सगळ्यांनी बघितलं असतं. उलट आधी तुम्ही, नाही नाही तुम्ही, असं चाललं होतं. ड्रायव्हरनं वर्षभर या गल्लीत शिव्या नि कोपरांखेरीज काही पाहिलं नव्हतं, तो आळीपाळीनं सगळ्यांकडे संशयानं बघत राहिला. अर्ध्या तासात चाळीस घरांचं पाणी भरून झालं आणि लॉरीत पाणी उरलं. असं आजवर झालं नव्हतं.

पावणेसहाला तुळजाजीराव आले. पायांत स्वतःच्या चपला होत्या.

"तुमची कुत्री," त्यांनी सुरुवात केली आणि खाकरले. ठराव सापडत नसावा. "तिला कोण शिकविले हें?"

"मीच," उमाकांत म्हणाला. "चुकलंच माझं. येईल आता रत्नाकर न्यायला."

तुळजाजीराव कोयनेकडे बघत राहिले. तिनं शेपटी हलवली. त्यांच्या खिशातून मुरुक्कूचा वास येत होता.

"अंबत्तूरला नका धाडूं," ते शेवटी म्हणाले. आवाज एवढा खाली आला होता की उमाकांतला वाकावं लागलं. "तिथं जाऊन कोणाकोणाचं काय काय दारांत ठेवील. इथंच असूं दे. चपला नेऊं दे, अस्की नेऊं दे, सगळ्याच्या सगळ्या. पण लॉरीच्या दिवशीं दुपारीं घट्ट बांधून घाला. तेवढं एक करा, राव."

रत्नाकर स्कूटरवरून आला तेव्हा त्याला गेटातच तुळजाजीराव भेटले. त्यांनी त्याला हातात मुरुक्कू देऊन परत पाठवलं. उमाकांतनं तोवर कोयनेला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, जणू तिला जायचंच होतं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं लपवलंही नाही.

उरलेल्या पाण्यासकट लॉरी अजून उभीच होती; इडलीवाल्याकडे चहा घेऊन ड्रायव्हर आत्ता कुठे निघायच्या बेतात होता. ड्रायव्हरनं विचारलं, आणखी कुणाचं भांडं राहिलंय का? सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. तेवढ्यात कोयना उमाकांतच्या हातून सुटली, कडुनिंबामागे गेली आणि गुलाबी कळशी गळ्याला धरून घेऊन आली. तिनं ती हुंगली, मान वळवली, आणि सगळ्या गल्लीदेखत उमाकांतच्या पायांवर ठेवली.

विद्युलता कळशीकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"मे महिन्यापासून," उमाकांत कळशीला म्हणाला. "बादली मगानं घेतली की नदीसारखं वाटत नाही. मधनंमधनं एक आख्खी कळशी डोक्यावर एकदम ओततो. तू बाजारात गेलीस की."

विद्युलतानं कळशी उचलली, लॉरीपाशी गेली आणि ती काठोकाठ भरून घेतली. परत येऊन तिनं उमाकांतला मागच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडावर शर्टासकट बसवलं. कोयना त्याच्या मांडीला मांडी लावून बसली आणि कशाची तरी वाट बघू लागली. तिचं काही चुकत नव्हतं. आज तिनं शंभरावर घागरी परत केल्या होत्या आणि तिला एकही तुकडा मिळाला नव्हता.

"मिटा डोळे," विद्युलता म्हणाली, आणि चकलीचा तुकडा कोयनेच्या तोंडात देऊन तिनं कळशी दोघांवर उपडी केली.