पिवळ्या बुटांच्या भुताची भीतिचाचणी

वीतभर उंचीचं भूत. पायात पिवळे बूट.

बोटाला लावून नाडी मोजणारा चिमटा.

भिंतीवर पाटी : 'चाचणीकाळात हसू नये.'

हे तिन्ही भीतिप्रमाणन कार्यालयात एकत्र आले ते नियमामुळे. भयमालिकेवर बेतलेला कुठलाही खेळ, मग तो हातातल्या छोट्या यंत्रावर उड्या मारत खेळायचा का असेना, तपासनिसाच्या नाडीचे ठोके शंभरापार नेईल तरच बाजारात जाई. मूळ मालिकेत हे भूत माणसांची मुंडकी उपटायचं. खेळ बनवणाऱ्या चित्रकर्तीने त्याला बूट घातले आणि ढगाढगांवरून फुगे गोळा करायला लावलं. तिच्या लेकीला अंधारात झोप येत नव्हती. भुताशीच गट्टी जमली तर येईल, एवढाच तिचा बेत.

तपासनिसाने खेळ सुरू केला. भूत ढगावरून घसरलं, "आई गं!" म्हणालं. तपासनिसाच्या मिशा हलल्या.

"हसलात, साहेब!"

"जांभई होती ती. ठोके बहात्तर. अहो बाई, हे भूत आहे की माझा भाचा?"

"गोड आहे ना?"

"तोच दोष! लोक घाबरायला येणार आणि तुम्ही त्यांना आनंद देणार. ही शुद्ध फसवणूक आहे."

तिने तिथेच बसून भुताच्या तोंडात सुळे रेखाटले. भूत जास्तच हसरं दिसू लागलं. मग तिने ढगांवर काळोख पसरला. तपासनिसाला डुलकी लागली, ठोके साठ.

"नापास," तो डोळे चोळत म्हणाला. "भूत सरकारजमा."

"साहेब, लेकीला शब्द दिलाय हो! एकदाच, शेवटचं."

त्याने कुरकुरत यंत्र उचललं. भुताने उडी मारली आणि त्याच क्षणी टेबलावरचा तपासनिसाचा फोन वाजला : 'मोठे साहेब'.

ठोके एकशे चाळीस.

नियमात ठोके होते, कारण नव्हतं. खेळ पास झाला. अट एकच : चाचणीत जे वाजलं, ते खेळातही वाजलं पाहिजे. आता दर उडीला भुताच्या खिशात साहेबांचा फोन वाजतो. मोठमोठी माणसं खेळताना घामाघूम होतात आणि पुन्हा खेळतात. तज्ज्ञांच्या मते मूळ मालिका याच्यापुढे अंगाईगीत आहे.

लेक मात्र दिवा मालवून खुशाल झोपते. फोन वाजला की पडद्यावरच्या भुताला थोपटते, "घाबरू नकोस रे, आईचे साहेब असतील."

तुम्हाला हसू आलं असेल, तर आधी फोन पालथा घाला. म्हणजे घातला असेलच.

त्या दिवशी मोठ्या साहेबांचा फोन खिशातल्या खिशात चुकून लागला होता.