मुख्याध्यापिकाबाई आणि ऑडिटरची तिप्पट फी

कंपनीचा कारभार जितका चोख, तितकी तिच्या ऑडिटरची फी जास्त, असं जाणकारांचं मत आहे. कारभार जितका गचाळ, तितकीही फी जास्तच, असंही जाणकारांचंच मत आहे. (जाणकार वेगवेगळे असावेत.) यावरून सुज्ञ माणसाला एकच निष्कर्ष काढता येतो. फी कमी ठेवायची, तर कारभार चोख असू नये, गचाळही असू नये. मुळात तो असूच नये. आमच्या कंपनीने हे तत्त्व पुष्कळ वर्षं निष्ठेने पाळलं. मी तिथे कंपनी सचिव आहे. सभेत जे घडलं नाही, त्याचं इतिवृत्त लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे असते.

आम्ही पाण्याच्या प्लास्टिकच्या टाक्या करतो. संचालक मंडळावर अध्यक्ष, त्यांचे मेहुणे, त्यांचे व्याही आणि त्यांचे दातांचे डॉक्टर. पैकी डॉक्टर हे स्वतंत्र संचालक. त्यांच्या स्वातंत्र्याबद्दल कोणी शंका घेऊ नये. अध्यक्षांसमोर मनाला येईल ते बोलणारा तो एकमेव माणूस आहे, कारण ते बोलतात तेव्हा अध्यक्षांच्या तोंडात कापूस असतो.

ऑडिटरसाहेबांना मिळणारी फी स्वागतकक्षातल्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या कंत्राटदाराच्या बिलाहून थोडी कमी होती. यात अन्याय काही नव्हता. कंत्राटदार रोज येई, ऑडिटरसाहेब वर्षातून एकदा. शिवाय त्यांच्या येण्याने काही टवटवीत होत नसे. ते चहा घेत, आम्ही पुढे केलेल्या कागदांवर खुणा करत, मान खाली घालून सही करत आणि मागच्या जिन्याने जात.

मग नियम आला की मंडळावर एक तरी बाई हवी. अध्यक्षांनी आधी सौभाग्यवतींना विचारलं. "भाऊ आणि नवरा मला घरीच पुरेसे आहेत," असं त्यांनी कळवलं. तेव्हा अध्यक्षांना आपल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आठवल्या. वय झालेलं, नाव चांगलं, फोटो भारदस्त, आणि सभेत डुलकी लागण्याची शक्यता उत्तम.

बाईंना डुलकी लागली नाही. उलट पहिल्याच सभेला त्या सगळे कागद वाचून आल्या. (असं आमच्याकडे पूर्वी झालं नव्हतं. नियमात तशी मनाई आहे का, हे व्याह्यांनी मला हळूच विचारून घेतलं.)

"एवढा माल गोदामात आहे म्हणता," बाई म्हणाल्या, "पाहिलाय कोणी?"

सगळ्यांनी ऑडिटरसाहेबांकडे पाहिलं.

"बाई, एवढ्या फीमध्ये मी मालाचे कागद पाहतो," ते म्हणाले. "माल पाहायचा तर माणसं लागतील, दिवस लागतील. फी तिप्पट होईल." आकडा ऐकून ते स्वतःच दचकले.

"मग तिप्पट द्या." बाई अध्यक्षांकडे वळल्या. "काय रे?"

अध्यक्ष सवयीने उभे राहिले. "हो बाई." ठराव एकमताने संमत झाला.

ऑडिटरसाहेब न कळवता गोदामात गेले. समोर छतापर्यंत टाक्यांची भिंत होती. पूर्वी कोणी तपासणीला आलंच, तर या भिंतीला नमस्कार करून परत जाई. साहेबांनी शिडी मागवली, वर चढले आणि पलीकडे डोकावले. पलीकडे, जिथे कागदोपत्री टाक्याच टाक्या होत्या, तिथे बॅडमिंटनचं कोर्ट होतं. जाळी, दिवे, बसायला बाकं. मेहुणे आणि गोदाम व्यवस्थापक खेळत होते.

"या, या! एक गडी कमीच होता," मेहुणे म्हणाले. मेहुणे मनाने वाईट नाहीत.

साहेब कॉलेजात खेळायचे. त्यांनी बूट काढले, मेहुण्यांना सडकून हरवलं, घाम पुसला आणि अहवालात लिहिलं: 'मालाच्या जागी कोर्ट आढळलं. कोर्टाची देखभाल समाधानकारक.' त्या दिवशी त्यांनी सही ताठ मानेने केली आणि पुढच्या दाराने बाहेर पडले.

नफ्याचा तोटा झाला. अध्यक्षांनी पुढच्या सभेत तक्ता लावला: फी कमी होती त्या प्रत्येक वर्षी नफा, फी वाढवली त्या शंभर टक्के वर्षांत (वर्ष एकच) तोटा. म्हणजे तोटा फीमुळे होतो, हे शास्त्रशुद्ध सिद्ध झालं. लगेच फी सुसूत्रीकरण समिती नेमली. अध्यक्षपदी मेहुणे, कारण गोदामाचा प्रत्यक्ष अनुभव त्यांनाच. समितीने सुचवलं: ऑडिटर बदलावा, नवा कुंड्यांच्या दरात बसणारा असावा, आणि बाईंच्या जागी विहीणबाईंना घ्यावं, म्हणजे नियमही राहील आणि शांतताही.

"हे ठरवणारे तुम्ही कोण?" बाई म्हणाल्या. "मालक भागधारक आहेत. त्यांना विचारा. आणि कोर्टाचा फोटो जोडा."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. कुटुंबाकडे निम्म्याहून बरेच कमी शेअर होते. बाकीचे हजारो मालक एकदा 'नको' म्हणाले असते, तर सगळंच आटोपलं असतं. पण बाईंना नाही म्हणणं अध्यक्षांना जमेना. मी प्रत्येक मालकाला ईमेल पाठवला, फोटोसह. मतदान संपेपर्यंत अध्यक्षांना घास गेला नाही. डॉक्टरांना वाटलं, दाढ दुखतेय.

निकाल लागला. मतदान केलं ते फक्त कुटुंबाने. बाई आणि ऑडिटरसाहेब गेले.

जाताना बाईंनी मला विचारलं, "एवढ्या मालकांपैकी एकालाही काही वाटलं नाही?" मी त्यांच्यासाठी पुढचं दार उघडून धरलं.

तुम्ही म्हणाल, कसले हे भागधारक! असं तोडून बोलू नका. साडूंनी सांगितलं म्हणून तुम्ही कधीतरी थोडे शेअर घेतले होते, आठवतंय? त्यातले काही आमचे आहेत. ईमेल तुम्हालाही आला होता, विम्याची जाहिरात आणि चपलांवरची सवलत यांच्या मधोमध. विमा तुम्ही पुसलात, आम्हाला पुसलंत, चपला उघडल्यात. असे मालक मिळायला कंपनीचं भाग्य लागतं.

चपला चांगल्या निघाल्या ना?